चोळून, चिरून, घडी घालून

भिंगारच्या लष्करी कचेरीतल्या यज्ञेश्वर सुपेकरांनी कधी विडीलासुद्धा हात लावलेला नव्हता. त्यांच्या आयुष्यात तंबाखू आली ती सरकारी मार्गाने, म्हणजे वरच्या साहेबाच्या तोंडी हुकुमाने, आणि तीही तो हुकूम नीट न समजल्यामुळे.

साल सेहेचाळीस, महिना मार्च. लढाई संपली होती आणि लढाईपुरते घेतलेले पाच कारकून, त्यांत सुपेकरही, अजून टेबलाशी बसून होते. त्यांतले दोन कायम करा आणि तिघांना नारळ द्या, असं पुण्याहून लिहून आलं होतं. कोण राहणार आणि कोण जाणार ही यादी मेजर विल्बीसाहेब करणार होता. त्यामुळे पाचही जण साहेबाच्या बुटांचा आवाज आला की माना जास्तच खाली घालून लिहायला लागत.

त्याच आठवड्यात साहेब घोड्यावरून पडला. उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरात गेला. साहेबाला दिवसातून दहा वेळा पाइप ओढायची सवय. तो भरून द्यायचं काम त्याचा बेअरर छगन करायचा. छगन मुलीच्या लग्नासाठी महिन्याच्या रजेवर जामखेडकडे आपल्या गावी गेलेला. एका हाताने पाइप भरता येत नाही हे साहेबाने दोन दिवस करून पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी तो कारकुनांच्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला.

"तुमच्यापैकी कोणाला पाइपांबद्दल काही माहिती आहे?" त्याने इंग्रजीत विचारलं.

आता सुपेकरांकडे त्या महिन्यात क्वार्टर्सच्या पाण्याच्या पाइपांचा पत्रव्यवहार होता. गंजलेले पाइप, चोरीला गेलेले पाइप, कागदावर असलेले आणि जमिनीत नसलेले पाइप, अशी अकरा पत्रं त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिली होती. ते ताडकन उभे राहिले आणि म्हणाले, "येस सर. ऑल अबाउट पाइप्स, सर."

साहेबाचा चेहरा उजळला. त्याने सुपेकरांना आपल्या खोलीत नेलं, टेबलावर एक चपटा पत्र्याचा डबा ठेवला, त्याच्याशेजारी लाकडी पाइप ठेवला आणि खुर्चीत मागे रेलून वाट पाहू लागला. सरकारी नोकरीत एकदा दिलेलं 'येस सर' परत घ्यायची सोय नसते. सुपेकरांनी डबा उघडला.

आत कापलेली तंबाखू असेल अशी त्यांची समजूत होती. पण आत होत्या बोटभर लांबीच्या, पातळ, काळपट तपकिरी पट्ट्या, एकावर एक दाबून रचलेल्या. पहिल्या नजरेला आंबापोळीचे काप वाटावेत. सुपेकरांनी एक पट्टी उचलली, तिची गुंडाळी केली, पाइपच्या वाटीत घातली आणि पेन्सिलीच्या मागच्या टोकाने चांगली ठोकून बसवली. साहेबाने सात काड्या ओढल्या. त्याच्या गालांना खळगे पडले, कपाळावरची शीर फुगली, पण धूर म्हणून आला नाही.

"रब इट आउट, मॅन," साहेब शांतपणे म्हणाला आणि काड्यापेटी आणायला बाहेर व्हरांड्यात गेला.

रब आउट म्हणजे रबराने खोडणे. चार वर्षांच्या कारकुनीत सुपेकरांनी या शब्दांचा दुसरा अर्थ ऐकला नव्हता. टेबलावर घोड्यांच्या चाऱ्याचा तीन महिन्यांचा तक्ता पेन्सिलीने भरून ठेवलेला होता. साहेबाला तो पसंत नसावा असं धरून सुपेकरांनी खिशातलं रबर काढलं आणि सगळा तक्ता कसोशीने पुसून काढला. वर फुंकर मारून कागद स्वच्छ केला.

साहेब परत आला. त्याने कोऱ्या कागदाकडे पाहिलं, मग सुपेकरांकडे पाहिलं.

"तंबाखू चोळायची," तो म्हणाला. "तंबाखू, सुपेकर."

पण साहेब स्वभावाने वाईट नव्हता. शिवाय दुसरं कोणी उभंही राहिलेलं नव्हतं. त्याने एक जुना पाइप सरावासाठी दिला, डबा घरी न्यायला सांगितलं आणि सोमवारी नीट भरलेला पाइप हवा असं बजावलं.

फाटकावरच्या शिपायाने डबा पाहून सुपेकरांना अडवलं. लष्करी आवारातून डबा बाहेर न्यायचा तर पास लागतो. पास देणार हेडक्लार्क नृसिंहराव. नृसिंहरावांनी पासाचं पुस्तक काढलं, टाक शाईत बुडवला, आणि 'प्रयोजन' या रकान्यापाशी येऊन थांबले.

"घरगुती वापर लिहिलं तर ती चोरी ठरेल," ते म्हणाले. "सरकारी काम लिहिलं तर तंबाखू सरकारी ठरेल. साहेबांची खाजगी तंबाखू सरकारी ठरवणारा मी कोण?"

बराच विचार करून त्यांनी 'सराव' असं लिहिलं. खाली एक ओळ जोडली की डबा परत आणताना वजन तितकंच भरलं पाहिजे.

"नृसिंहराव, सराव केला की वजन कमी होणारच," सुपेकर म्हणाले.

"मग वजन कमी होणार नाही असा सराव करा," नृसिंहराव म्हणाले आणि टीपकागद दाबला.

सुपेकर कारकुनांच्या चाळीत राहायचे. घरी आल्यावर पत्नी दमयंतीबाईंनी डब्याकडे पाहिलं आणि पदर नाकाला लावला.

"हे काय आणलंत?"

"साहेबांचं काम आहे."

"साहेबांच्या कामाला वास येतोय," त्या म्हणाल्या, आणि डबा देवांच्या कोनाड्यापासून सगळ्यात लांब असलेल्या खिडकीत ठेवून त्यांनी हात धुतले.

चाळीत एखादी गोष्ट खिडकीत ठेवली की ती सर्वांची होते. शेजारचे रविकांत मास्तर नगरच्या एका शाळेत शास्त्र शिकवायचे. त्यांनी एक पट्टी नाकाजवळ धरली, दोन बोटांत वाकवली आणि निदान केलं. पट्टीत ओल आहे, ओल जळत नाही, सबब ओल काढा. सुपेकरांना हे तर्काला धरून वाटलं. रविवारी सकाळी दहा पट्ट्या सुपात पसरून गच्चीवर ठेवल्या. विलायतेतली तंबाखू नगरच्या मार्चमधल्या उन्हात चार तास राहिली. दुपारी सूप खाली आणलं तेव्हा पट्ट्या पापडासारख्या वाजत होत्या आणि हात लावताच त्यांचा भुगा होत होता. भुगा म्हणजे चोळलेली तंबाखूच, असं मास्तर म्हणाले.

सोमवारी साहेबाने पहिली काडी लावली आणि पाइपमधून वीतभर ज्वाळ उठली. मिशीची उजवी बाजू थोडी आखूड झाली. साहेब खिडकीत जाऊन जीभ बाहेर काढून उभा राहिला. थोड्या वेळाने आत येऊन म्हणाला, "फार कोरडी."

चाळीला दूध घालणारी बनुबाई मिश्री लावायची, त्यामुळे तंबाखूच्या बाबतीत तिच्या शब्दाला वजन होतं. ती सुपेकरांना हसली. "आवो, उनात काय घालताय? त्येला जीव हाय. पानी द्या जरा, वल्या फडक्यात ठिवा," ती म्हणाली. सुपेकरांनी बारा पट्ट्या ओल्या फडक्यात बांधून माठाच्या तिवईखाली ठेवल्या, आणि जीव जावा इतका वेळ, म्हणजे दोन दिवस, ठेवल्या. त्या पाइपमधून धूर कमी आणि गुडगुड जास्त आली. शेवटी तपकिरी पाणी साहेबाच्या तोंडात उतरलं तेव्हा साहेब जो शब्द बोलला तो सुपेकरांनी घरी कोशात शोधला. सापडला नाही.

एक गोष्ट त्यांच्या लक्षात आली. साहेबापुढे नेण्याआधी पाइप कोणीतरी ओढून पाहिला पाहिजे. जुना पाइप दमयंतीबाईंनी आधी राखेने घासला आणि मग उकळत्या पाण्यात घातला, कारण तो साहेबाचा उष्टा होता. उकळून त्याची दांडी निसटली ती दोऱ्याने बांधावी लागली. तो पाइप घेऊन सुपेकर चाळीमागच्या शेवग्याखाली गेले आणि त्यांनी चार झुरके घेतले. पाचव्याला वारा नसताना शेवगा हलू लागला. सहावा झाला नाही. त्यांना ओट्यावर आणून आडवं केलं, कपाळावर ओली घडी ठेवली, आणि चाळीतल्या एकूण एक माणसाने येऊन त्यांना पाहिलं. बनुबाईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. जो माणूस आजवर चाळीत कोणाशी दोन वाक्यांपेक्षा जास्त बोलला नव्हता, त्याच्या पोटात काय होतं ते त्या संध्याकाळी सगळ्यांना ठाऊक झालं. सुपेकरांना उलटीचं काही वाटलं नाही. लोकांनी ती पाहिली याचं फार वाटलं.

त्यानंतर चाचणीचं काम रविकांत मास्तरांनी शास्त्रासाठी म्हणून अंगावर घेतलं. ते चाचण्या इतक्या मन लावून करू लागले की प्रयोग मागे पडले. दहा दिवसांत डबा संपला. साहेबाने दुसरा काढून दिला आणि सांगितलं की यानंतर फक्त एक उरला आहे आणि पुढचं जहाज कधी येईल ते देव जाणे.

त्या दिवशी सुपेकर घरी आले ते नुसते भिंतीला टेकून बसले. दमयंतीबाई थालीपिठाचं पीठ भिजवत होत्या. त्यांनी तळहातावर ओवा घेतला, दुसऱ्या तळहाताने गोल गोल चोळून परातीत टाकला, आणि नवऱ्याकडे पाहिलं.

"यादी कधी लागणार?"

"महिनाअखेर."

"आणि साहेब अजून तुमच्यावर खूश नाही."

"खूश?" सुपेकर म्हणाले. "त्याची जीभ सोलली मी. मिशी जाळली."

दमयंतीबाई उठल्या, हात धुतले आणि कोरडे केले. "आणा इकडे ती पट्टी."

"अगं, तू हात लावणार?"

"तुम्ही घरी बसलात तर मला कशाकशाला हात लावावा लागेल ते मी मोजून ठेवलंय. आणा."

त्यांनी पट्टी डाव्या तळहातावर आडवी ठेवली आणि ओवा चोळतात तशी, घाई न करता, उजव्या तळहाताने गोल फिरवली. पट्टी आधी सुटली, मग तिचे धागे झाले, मग मऊ जाळी झाली. भुगा नाही की गोळा नाही. ती त्यांनी पाइपच्या वाटीत घातली, खाली सैल आणि वर जरा दाबून.

"कोंबायचं नाही. करंजीत सारण कोंबलं की ती फुटते," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही नका चोळू. तुमच्या हातांना घाम येतो, त्यानंच ती चिकट होते."

मास्तरांनी पाइप ओढला. एका काडीत पेटला आणि शेवटपर्यंत जळला. मात्र अर्ध्या तासाच्या आत संपला. साहेबाला दुपारी फिरतीवर जायचं असलं तर तो पुरणार नाही, असं सुपेकर म्हणाले. दमयंतीबाईंनी दुसरी पट्टी घेतली. ती न चोळता लांबीत दुमडली, पुन्हा आडवी दुमडली, तशीच उभी वाटीत सरकवली, आणि वर चिमूटभर चोळलेली पेरली म्हणजे काडी लागेल. हा पाइप पेटायला रुसला, पण एकदा पेटल्यावर वाऱ्यातसुद्धा तासभर चालला. मग त्यांना चेव आला. त्यांनी सासूबाईंचा अडकित्ता काढला आणि तिसऱ्या पट्टीचे सुपारीच्या खांडासारखे बारीक चौकोनी तुकडे केले. ते वाटीत नुसते ओतायचे, दाबायचेही नाहीत. हा सगळ्यात थंड आणि सावकाश जळला. मास्तर डोळे मिटून म्हणाले की हा जेवणानंतरचा आहे.

दुसऱ्या दिवसापासून दमयंतीबाई सकाळीच मलमाच्या तीन रिकाम्या डब्या भरून द्यायच्या. एकीत चोळलेली, एकीत घड्या, एकीत तुकडे. सुपेकर त्या कचेरीत नेऊन पाइपात भरायचे. साहेबाने विचारलं, ही युक्ती कोणाची. सुपेकर नुसतेच नम्रपणे हसले. ते काही खोटं बोलले नाहीत.

साहेबाने सात दिवस तिन्ही प्रकार ओढून पाहिले आणि आठव्या दिवशी निकाल सांगितला. "छान जळते, सुपेकर. पण छगनची गंमत नाही. त्याच्या हाताला काहीतरी आहे."

हे वाक्य सुपेकरांना फार लागलं. स्वतः मॅट्रिक झालेले, इंग्रजी मसुदा एका दमात लिहिणारे, आणि छगन सहीच्या जागी अंगठा उठवणारा. तरी रोज संध्याकाळी साहेब पाइप ठेवताना म्हणायचा, "छगनसारखा नाही." यादीला बारा दिवस उरले. सुपेकरांनी अभिमान गिळला आणि रविवारी जामखेडच्या मोटारीत बसले.

ती मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे बंब, बंबात कोळसा, आणि चढ आला की उतारू खाली. पंचेचाळीस मैलांत सुपेकर पाच वेळा उतरले आणि तीन वेळा त्यांनी मोटार ढकलली. पुढे छगनच्या वाडीपर्यंत पायी. ते पोचले तेव्हा धोतर पांढरं नव्हतं आणि तोंड ओळखू येत नव्हतं. छगनच्या दारात मांडव होता. त्या दिवशीच लग्न होतं.

साहेबाच्या हापिसातला माणूस लग्नाला आला म्हणून वाडीला कोण आनंद झाला. त्यांचं तोंड धुतलं, डोक्याला गुलाबी फेटा बांधला आणि त्यांना वरबापाशेजारी बसवलं. अक्षता पडल्या, पंगती उठल्या. दोघांतिघांनी आपापल्या पोरांना पलटणीत चिकटवायची अर्जी तोंडी दिली. मुलीचा बाप मात्र सुपेकरांच्या जवळ येईना. लांबून त्यांच्याकडे पाहायचा आणि दुसरीकडे वळायचा. दिवस कलल्यावर सुपेकरांनी त्याला गोठ्याच्या आडोशाला गाठलं.

"छगन, मला एक विचारायचंय."

छगन मटकन खाली बसला. "समजलं ना सायबाला? मला वाटलंच हुतं, भाऊसाहेब. आज पोरीच्या लग्नात नका बोलू. उंद्या बेड्या घाला."

सुपेकरांना काहीच कळेना. पण कारकुनाला एक विद्या येते. समोरचा बोलत असेल तर आपण गप्प राहायचं. ते गप्प राहिले.

"लढाईत डबंच येत न्हवते," छगन सांगू लागला. "तीन म्हैन्याला दोन. आन् साहेब दिसाला धा येळा वढनार. डबा सपला की वरडायचा माझ्यावर. मंग मी आमच्या म्हातारीची तंबाखू मिसळाया लागलो. आदी चिमूट. मंग पाव. मंग निम्मी. सायबाला लई ग्वाड लागली. शेवटी शेवटी त्याच्या डब्यातली नुसती वासापुरती."

"किती दिवस?"

"तीन वरसं झाली."

"आणि तुझ्या हाताला काही आहे असं साहेब म्हणतो ते?"

"हाताला काय असनार? हाताला चुना असतो," छगन म्हणाला.

छगनची आई साळूबाई लग्नाच्या गडबडीतही पाहुण्याला तंबाखू दाखवायला तयार होती. बांधावर घरापुरती चार रोपं. पानं सुकली की ती त्यांवर गुळाचं पाणी शिंपडायची, थर लावून आठ दिवस जात्याखाली दाबायची आणि मग विळ्याने काप काढायची. सुपेकरांनी एक काप हातात घेतला. तीच बोटभर लांबी, तोच काळपट तपकिरी रंग. विलायतेत हेच करायला कारखाना लागत होता.

त्यांनी छगनला वचन दिलं की त्याचं नाव निघणार नाही. येताना पंच्यात बांधून शेरभर तंबाखू आणली. सरकारी पेन्सिलीचा तुकडाही घरी न नेणारे सुपेकर. सगळ्या वाटेने त्यांनी ही तंबाखू म्हणजे लबाडी की नव्हे याचा विचार केला. मोटार ढकलतानाही केला. शेवटी त्यांनी ठरवलं की पाइप भरून द्या एवढाच हुकूम आहे, कशाने भरा हे साहेबाने सांगितलेलं नाही. हा मुद्दा फारसा भक्कम नव्हता. पण यादीला अकरा दिवस होते.

दमयंतीबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि नाक मुरडलं. "म्हणजे मी इतके दिवस चोळत होते ती तंबाखूच चुकीची," एवढंच त्या म्हणाल्या. मग त्यांनी दोन भाग जामखेड आणि एक भाग विलायत एकत्र चोळली. ती साहेबाच्याच डब्यात भरली.

साहेबाने झुरका घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. "हां," तो म्हणाला. "आता जमलं तुला."

पुढचे सात दिवस सुखाचे गेले. आठव्या दिवशी पुण्याहून ब्रिगेडियर तपासणीला आला. तोही पाइपवाला निघाला. साहेबाने त्याला जेवणानंतर आपल्या खोलीत बसवून सांगितलं की सबंध लढाईत आपण दुसऱ्या कुठल्या तंबाखूला शिवलो नाही, आणि डोळे बांधले तरी आपला डबा एका झुरक्यात ओळखू. ब्रिगेडियर खूश झाला. त्याने पिशवीतून त्याच छापाचा, लंडनहून नुकताच आलेला बंद डबा काढला आणि भेट म्हणून साहेबापुढे ठेवला. सुपेकरांना बोलावणं आलं. दोन पाइप भरायचे होते. ब्रिगेडियरला साहेबाचा डबा चाखायचा होता, आणि साहेबाला नवा.

सुपेकरांनी नवा डबा फोडला. हात पुसून, दमयंतीबाईंचं स्मरण करून, जमेल तितकं कोरडं चोळलं. दुसरा पाइप जुन्या डब्यातून भरला. दोघांना काडी लावून दिली आणि भिंतीला पाठ लावून उभे राहिले.

साहेबाने दोन झुरके घेतले आणि तोंड वाकडं केलं. "माफ करा, पण तुमचा डबा नासलेला आहे."

ब्रिगेडियरला ठसका लागला होता. तो खोकत उठला, खोकत व्हरांड्यात गेला. तिथे इतका खोकला की फाटकावरचा शिपाई बंदूक सरसावून पळत आला. पाणी पिऊन झाल्यावर ब्रिगेडियर एवढंच म्हणाला की नगरची हवा विलायती तंबाखूला मानवत नसावी. त्याच्या मोटारीची धूळ खाली बसेपर्यंत साहेब व्हरांड्यात उभा राहिला. मग त्याने दार लावून घेतलं.

"यात काय आहे, सुपेकर?"

"तंबाखू, सर."

"कुठली?"

सुपेकरांना खोटं बोलता येत नसे. त्यांचे कान लाल होत. "देशी, सर. जामखेडकडची."

"किती दिवसांपासून?"

"मी आठ दिवस मिसळतोय, सर. चूक माझी आहे."

साहेब मूर्ख नव्हता. आठ दिवसांपूर्वी निव्वळ विलायती मिळत होती तेव्हा ती आपल्याला आवडत नव्हती, हे त्याला आठवलं. त्याआधी कोणाच्या हातची आवडत होती हेही आठवलं. छगन कुठला राहणारा हे त्याला ठाऊक होतं. तो बोटांवर वर्षं मोजू लागला आणि तिसऱ्या बोटाला थांबला. सुपेकर जमिनीकडे पाहत राहिले. त्यांनी दिलेलं वचन मोडलं नव्हतं, पण ते वाचलंही नव्हतं.

"मेसमध्ये हे कोणाला माहीत आहे?" साहेबाने शेवटी विचारलं.

"नाही, सर."

"होऊही नये."

"नाही होणार, सर."

साहेबाने विझलेला पाइप हातात फिरवला. "एक सांग. मिसळण्याआधीही ती तीन तऱ्हांनी येत होती, ती काही वाईट नव्हती. ते तुझंच काम ना?"

इथे गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं. पण एक खरं बाहेर पडलं की दुसरं आत राहायला कुरकुरतं. देशी तंबाखू कबूल करताना जड गेलं नव्हतं तेवढं सुपेकरांना हे जड गेलं.

"नाही, सर. माझ्या पत्नीचं. माझ्या हातांना घाम येतो."

साहेबाने मान हलवली आणि त्यांना जायला सांगितलं.

महिनाअखेरीला यादी लागली. पाचांतले दोन राहिले, त्यांत सुपेकर होते. नृसिंहरावांनी शेऱ्याचा कागद तीनदा वाचला. 'अत्यंत विश्वासू. गोपनीय कामास योग्य.'

"सुपेकर, तुमच्याकडे तर पाण्याचे पाइप होते," ते म्हणाले. "गोपनीय काय केलंत?"

"ते सांगता येणार नाही," सुपेकर म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा नृसिंहराव त्यांना दबून वागले. छगनही रजेवरून परत आला. साहेबाने त्याला काहीच विचारलं नाही. फक्त यापुढे गावाकडची तंबाखू दर महिन्याला शेरभर आणत जा आणि ती याच डब्यात भरत जा, असं सांगितलं.

यादीनंतर दोन दिवसांनी चाळीत लष्करी शिपाई आला. त्याच्या हातात जाड पांढरा लिफाफा होता आणि त्यावर सुपेकरांचं नाव नव्हतं. मिसेस दमयंती सुपेकर असं होतं. दमयंतीबाईंच्या नावाने आजवर पत्र आलं नव्हतं. माहेरची पत्रंसुद्धा सुपेकरांच्या नावाने यायची आणि त्यांच्यासाठी शेवटी दोन ओळी असायच्या. सुपेकरांनी दार ओढून घेतलं आणि पत्र वाचून मराठीत सांगितलं. साहेबाने लिहिलं होतं की पंचवीस वर्षांच्या नोकरीत इतक्या चांगल्या हाताने आपल्याला कोणी पाइप भरून दिलेला नाही. हात मोडलेल्या दिवसांत त्या हाताचा फार आधार झाला. कळलं ते उशिरा, म्हणून आभारही उशिरा.

"पुन्हा वाचा," दमयंतीबाई म्हणाल्या. सुपेकरांनी पुन्हा वाचलं. "शेवटचं तेवढं," असं म्हणून त्यांनी तिसऱ्यांदा वाचायला लावलं. मग पत्राची घडी घालून ते आपल्या पेटीत, शालूच्या खाली ठेवलं.

दार उघडलं तेव्हा बाहेर चाळ जमलेली होती. बनुबाई दुधाची कळशी काखेत धरून सगळ्यांत पुढे होती.

"काय लिव्हलंय सायबानं?"

"माझ्या हाताची तारीफ केली आहे," दमयंतीबाई म्हणाल्या.

"काय करून घातलंत म्हनायचं त्याला?"

दमयंतीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं नाही. "घातलं नाही काही. भरून दिलं," त्या म्हणाल्या आणि आत गेल्या.

संध्याकाळपर्यंत चाळीत पक्कं ठरलं की मेजरसाहेब सुपेकरांच्या घरच्या भरल्या वांग्यांवर खूश आहे आणि सुपेकरांची नोकरी त्या वांग्यांनी कायम केली. चार बाया मसाल्याचं प्रमाण विचारायला येऊन गेल्या. चुकीची माहिती कानावर आली की ती तिथल्या तिथे दुरुस्त करण्याची सुपेकरांना सवय होती. त्या दिवशी ते ओट्यावर बसून राहिले, येणाऱ्या प्रत्येक बाईला त्यांनी वाट करून दिली, आणि आतून दमयंतीबाई प्रमाण सांगत होत्या ते ऐकत राहिले.